होल्कमसाहेबांचे चरित्र आणि कासमभाईंची कबुली

मी एक जुना चरित्रग्रंथ आहे, मित्रांनो. लाल कापडी बांधणीचा आणि खरे सांगायचे तर थोडासा गर्विष्ठ. गर्व का नसावा? माझ्या पोटात एका माणसाचे अख्खे आयुष्य आहे. एबेनेझर होल्कम हे त्याचे नाव. अमेरिका नुकतीच स्वतंत्र झाली, त्या काळचा हा पुढारी. बाप पाणचक्कीवर दळण दळायचा. मुलगा आधी गावचा पंच झाला आणि मग राज्याच्या विधिमंडळात जाऊन बसला.

माझा जन्म बोस्टनच्या एका छापखान्यात झाला. एका अमेरिकन इंजिनियरच्या ट्रंकेतून मी कुवेतला, मीना अब्दुल्ला बंदरातल्या तेलाच्या रिफायनरीत आलो. साहेबाने मला एकदाही उघडले नाही; कॉफीचा कप ठेवायला तेवढा मी त्याच्या कामी आलो. १९५९ साली मायदेशी परतताना त्याने मला ऑफिसातल्या टायपिस्टला देऊन टाकले. तो टायपिस्ट म्हणजे कासम.

कासम रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या एका गावचा. रिफायनरीजवळच्या फहाहील गावातल्या खोलीत तो आपल्या गाववाल्या महबूबबरोबर राहायचा. ड्युटीवरून आला की डिक्शनरी मांडीवर घेऊन तो माझी दोन पाने वाचायचा. स्टोव्हवर मच्छीचे सालन ढवळत महबूब विचारायचा, "आज तुज्या होल्कमनी काय केलान?" मग कासम त्याला ते आपल्या बोलीत सांगायचा. ती माझी फार सुखाची वर्षे होती.

एक प्रकरण मात्र कासमला आवडायचे नाही. होल्कमच्या गावात मुलींना शाळेत बसवायचे की नाही, असा सवाल निघाला होता. वडीलधाऱ्यांच्या भिडेने होल्कमने नाही म्हटले. मग वर्षभराने भरसभेत उभे राहून सांगितले, 'माझे चुकले.' पुढे लोकांनी त्याला पुन्हा निवडून दिले नाही. कासम म्हणायचा, "एवढ्या मोट्या मानसाला सगल्यांसमोर असा बोलायची काय गरज होती?"

१९६२ साली कुवेतमध्ये नोकरीला असलेल्या गाववाल्यांच्या जमातीने, म्हणजे मंडळाने, कासमलाच अध्यक्ष केले. दर शुक्रवारी दुपारच्या नमाजनंतर कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका खोलीत जमात बसायची. एप्रिलमध्ये त्याची बायको शहरबानू हिचे पत्र आले. त्यांची मुलगी सुरैया सातवीत पहिली आली होती. गावात आठवीचा वर्ग निघणार होता. पण शाळेची इमारत कुवेतच्या जमातीने पैसे पाठवून बांधलेली, तेव्हा मुली घ्यायच्या की नाही हे जमातीनेच कळवावे, असे हेडमास्तरांचे म्हणणे होते. नाही म्हटले की सुरैयाचे शिक्षण तिथेच संपणार.

सवाल निघताच जमातीतले सर्वांत वडील बदरुद्दीनचाचा म्हणाले, "पोरींना सातवी बस झाली. चला, फातेहा पढा." आणि त्यांनी हात उचलले. जमातीची रीत अशी, की हात उचलून फातेहा, म्हणजे कुराणातली पहिली प्रार्थना, पढली की गोष्ट पक्की झाली. आणि वडीलधाऱ्यांनी हात उचलल्यावर बाकीच्यांनी खाली ठेवायचे नाहीत. कासमने क्षणभर इकडेतिकडे पाहिले. मग त्यानेही हात उचलले. आपल्याच मुलीचा प्रश्न त्याने आपल्याच हातांनी मिटवून टाकला.

घरी पत्र लिहायला त्याचा हात धजेना. चौथ्या दिवशी त्याने मला उघडले आणि तेच नावडते प्रकरण दोनदा वाचले. पुढच्या शुक्रवारी त्याने मला पिशवीत घालून मिरकाबला नेले. का नेले कोण जाणे! पिशवीतून त्याने मला बाहेर काढले नाही. त्याचा हात तेवढा माझ्यावर होता. जमात बसताच त्याने मुलींचा सवाल पुन्हा काढला.

"फातेहा झालेली गोष्ट उकरायची नाय, कासम," बदरुद्दीनचाचा कडाडले.

"ठाव हाय, चाचा. पन माज्या मनात नव्हता. तुमचे हात बघून मी हात उचलले. चूक माजी हाय, जमातीची नाय."

"मग अध्यक्षाच्या खुर्चीवर बसून फातेहा मोडता येनार नाय."

"नको मना खुर्ची," कासम म्हणाला आणि उठून दाराशी, चपलांजवळ जाऊन बसला.

जमातीत कधी तोंड न उघडणारा महबूब तेव्हा बोलला, "नवा अध्यक्ष नेमा, आनि पयला सवाल हाच घ्या. माजी पोरगी सहावीत हाय."

तिसऱ्या प्रहरच्या, असरच्या नमाजपर्यंत वाद चालला. शेवटी मुलींना घ्यायचे ठरले आणि नवी फातेहा पढली गेली. बदरुद्दीनचाचांचे हात मात्र गुडघ्यांवरच राहिले. कासमला ते फार लागले. जमातीने पुढे त्याला कुठलेही पद दिले नाही आणि त्यानेही कधी मागितले नाही.

जूनमध्ये सुरैया आठवीत बसली. चार वर्षांनी कासम कायमचा परतला, आणि त्याच्याबरोबर बोटीने मीही गावी आलो. आता ती त्याच शाळेत मास्तरीण आहे आणि मी शाळेच्या कपाटात आहे. कसर माझी पाने कुरतडते आहे. मला अधूनमधून ऊन दाखवा, झटका, वाचा. एवढे तर मी मागणारच.

पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. होल्कमची कबुली माझ्या चारशे पानांत जपून ठेवली आहे. कासमची कुठेच लिहिलेली नाही. सुरैयाला वाटते, जमातीने परवानगी आपणहून दिली. तिने मला उघडले तरी तिला होल्कमच सापडणार, आणि कासमभाई काही सांगत नाहीत. ते अजून संध्याकाळी पडवीत बसतात, मित्रांनो. कुणीतरी जाऊन त्यांना विचारा.