सर्वांत वाईट गोलाची परीक्षा

मुलांनो, एक मैदान डोळ्यांसमोर आणा. फार मोठं नको. गवत मधूनमधून विरळ झालेलं, एका बाजूला लोखंडी कठडा, आणि दोन्ही टोकांना पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेले गोलपोस्ट. आता त्यातल्या एका गोलात स्वतः उभे राहा. पाठीमागे जाळी, पुढे अख्खं मैदान. तुम्हाला इथून जे दिसतं ते मैदानावरच्या दुसऱ्या कुणालाही दिसत नाही. दिसलं? मग आता तुमच्या जागी एका बारा वर्षांच्या मुलीला उभं करा. गोलात शिरली की सामना संपेपर्यंत ओरडत असते, म्हणून सगळे तिला टिटवी म्हणतात. आज मात्र तिच्या तोंडून आवाज फुटत नाहीये.

का, ते सांगतो.

देशाचा आजवरचा सर्वोत्तम फुटबॉल संघ निवडायचं काम चाललं होतं. आजवर देशासाठी जे जे खेळले त्या सगळ्यांमधून फक्त अकरा जण घ्यायचे. फुटबॉल महासंघाने दहा नावं ठरवली आणि गोलकीपरपाशी घोडं अडलं. दोन नावं उरली होती, आणि ते दोघंही टिटवीच्याच छोट्याशा क्लबात वाढलेले. महासंघ म्हणाला, "तुमचीच पोरं, तुम्हीच ठरवा. तुम्ही द्याल ते नाव आम्ही लावू."

एक नाव होतं बोक्याचं. तो आता हयात नव्हता. दुसरं नाव टिटवीच्या आजोबांचं. त्यांच्या खेळाच्या दिवसांत लोक त्यांना 'भिंत' म्हणायचे.

या क्लबाची निवडीची रीत जगावेगळी होती. तिथले जुने लोक म्हणायचे, चांगल्या दिवशी कोण चांगला नसतो? माणूस जोखायचा तर त्याचा सर्वांत वाईट दिवस बघावा. म्हणून ते खेळाडूचा सर्वांत वाईट गोल काढायचे. त्या सामन्याची जुनी फिल्म बघून कोण कुठे उभं होतं, ते मैदानावर चुन्याने आखायचे. मग त्या त्या खुणेवर माणसं उभी करून चेंडू त्याच जागेवरून मारायचा. ज्या गोलकीपरचं नाव पुढे आलं असेल त्याच्या बाजूचा माणूस गोलात उभा राहणार, आणि त्याला एकच प्रश्न विचारला जाणार: चेंडू पायातून सुटताना दिसला का? दिसला नसेल तर गोलकीपर सुटला. दिसला असेल तर दोष त्याचाच. गोलात उभं राहून जो बघतो त्याचा शब्द शेवटचा. त्यावर वाद नाही.

बोक्याची परीक्षा सकाळीच झाली होती. त्याच्या बाजूने एक बस कंडक्टर उभा राहिला होता. चेंडू दोन माणसांच्या आडून आला. कंडक्टर म्हणाला, "नाही दिसला." समोर उभ्या असलेल्या सगळ्यांनाही तसंच वाटलं. बोक्या सुटला.

आता भिंतीची पाळी. टिटवीच्या आजोबांनी बोक्यापेक्षा कितीतरी जास्त सामने जिंकून दिले होते. त्यामुळे हिशोब सरळ होता. टिटवी 'नाही दिसला' म्हणाली, तर नाव आजोबांचं. 'दिसला' म्हणाली, तर बोक्याचं.

आजोबांचा तो गोल सगळ्या देशाला पाठ होता. अंतिम सामना, खेळ संपत आलेला, आणि लांबून मारलेला एक सरपटता चेंडू डाव्या कोपऱ्यातून आत गेला. आजोबांनी त्या दिवशी हातमोजे काढले ते काढलेच. पुढे आयुष्यभर शिवणयंत्रं दुरुस्त केली. मैदानाकडे पाऊल टाकलं नाही. नातीचे सामने असले तरी ते फाटकाबाहेर थांबायचे, तिची पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. आजही तिथेच बसले होते.

घरात या गोलाची एक गोष्ट ठरलेली होती. ती टिटवीचे बाबा सांगायचे. "अहो, आपलाच बचावपटू, तो उंच्या, मध्ये आला! अण्णांना चेंडू दिसलाच नाही. उगाच बदनाम झाला माझा बाप." घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाबरोबर ही गोष्ट मिळायची. बाबा ती सांगायला लागले की आजोबा पाणी प्यायला उठायचे.

"खोकं आणा रे एक," क्लबाचे अध्यक्ष म्हणाले. ते छापखाना चालवायचे आणि कोणतीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाहीत. "भिंत केवढा आणि ही केवढी! डोळे त्याच उंचीवर यायला हवेत."

कंडक्टरने बाटल्यांचं रिकामं खोकं आणून गोलात उपडं ठेवलं. "चढा टिटवीबाई. तिकीट घेतलंय ना?"

कुणी हसलं नाही. टिटवी खोक्यावर चढली.

उंच्याच्या खुणेवर बाबा उभे राहणार होते, कारण तेवढी उंची दुसऱ्या कुणाची नव्हती. खुणेवर जाण्याआधी ते गोलाजवळ आले, तिच्या हातमोज्याची पट्टी घट्ट केल्यासारखं करून हळूच म्हणाले, "हे बघ बाळा, आजोबा बाहेर बसलेत. त्यांच्या हातात आता किती वर्षं उरली आहेत? काहीही दिसो, तू विचार करून बोल."

"पण बाबा, दिसला तर?"

"म्हणूनच म्हटलं, विचार करून."

ते खुणेवर गेले. चेंडू मारणार होत्या टिटवीच्या प्रशिक्षक बाई. त्यांनी चेंडू चुन्याच्या ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेल्या.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "साहेब, खुणेवर."

बाबा खुणेपासून पाऊलभर आत सरकले होते, बरोबर चेंडूच्या आडवे. "खुणेवरच आहे की."

"तुमचा बूट आहे. तुम्ही नाही."

बाबा परत सरकले. त्यांचे कान मागून लाल झालेले टिटवीला दिसले. बाबांना चेंडू झाकावा लागत होता. म्हणजे बाबांनाही आतून काहीतरी माहीत होतं का?

बाईंनी मारलेला पहिला चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. तो मोजायचा नव्हता. कंडक्टर जाळीमागून चेंडू घेऊन आला, ठिपक्यावर ठेवला, शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं. फाटकापाशी आजोबा उठून उभे राहिलेले टिटवीला दिसले.

बाई धावल्या.

टिटवीला बाबांच्या कोपराखालून बाईंचा बूट दिसला. बुटाची लेस दिसली. बूट चेंडूवर बसला तेव्हा चेंडूवरचा काळा तुकडा फिरला, तोही दिसला. चेंडू गवतावरून सरसरत डावीकडे आला, खांबाला चाटून आत गेला आणि जाळी थरथरली.



"दिसला का?" अध्यक्षांनी विचारलं.

आता तुम्ही त्या खोक्यावर उभे आहात, मुलांनो. खोटं बोललात तर कुणाला कळेल? कुणालाही नाही. तुमचे डोळे दुसऱ्या कुणाच्या डोक्यात नाहीत. एक शब्द म्हणायचा, आणि तुमच्या आजोबांचं नाव देशाच्या अकरांत कायमचं. बाबा मागे वळून बघत नाहीयेत, पण त्यांची मान ताठ झालीय. घाई करू नका. टिटवीनेही केली नाही.

"दिसला."

"पायातून सुटताना?"

"हो. बाबांच्या कोपराखालून. अगदी पहिल्यापासून."

बाबा गर्रकन वळले. "ऊन असेल! डोळे दिपले असतील तिचे."

"ऊन माझ्या पाठीला आहे, बाबा."

अध्यक्षांनी मान हलवली. "ठरलं मग. बोक्या." ते महासंघाला फोन लावायला क्लबाच्या खोलीकडे निघाले. कंडक्टर जिंकला होता, पण त्याने टोपी काढून हातात धरली आणि जमिनीकडे बघत राहिला.

"काय मिळवलंस?" बाबा टिटवीपाशी येऊन म्हणाले. आवाज दबका होता, म्हणून जास्तच लागला. "सांग ना, काय मिळवलंस? आता जा, त्यांना तूच सांग."

सांगायला जावं लागलं नाही. फाटक करकरलं. आजोबा आत येत होते. कठड्याला धरत, गुडघे सांभाळत ते चुन्याच्या रेषेपर्यंत आले, क्षणभर थांबले आणि रेष ओलांडून थेट गोलापर्यंत आले. टिटवी खोक्यावरून उतरली. ते रागावणार, असंच तिला वाटलं.

"दिसला ना?" आजोबांनी विचारलं.

"हो आजोबा."

"मलाही दिसला होता."

बाबांचं तोंड उघडं राहिलं. "अण्णा! मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तू बोलू कुठे दिलंस? पाहुण्यांसमोर मुलगा बापाची वकिली करतोय. बापाने मध्ये उठून आपल्याच विरुद्ध साक्ष द्यायची का?" आजोबांनी श्वास घेतला. "द्यायला हवी होती. तो बिचारा उंच्या फुकट शिव्या खात राहिला. ती साक्ष आज पोरीने दिली."

बाबा खोक्याच्या कडेवर बसले, एकदम थकल्यासारखे.

टिटवीच्या मनात मात्र दुसरंच काही अडकलं होतं. ते विचारावं की नाही, असं तिला झालं. शेवटी विचारलंच.

"आजोबा, दिसला होता, तर अडवला का नाही?"

बाईंनी हळूच म्हटलं, "टिटवी, अगं..."

"विचारू दे तिला. एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी एक तर शिव्या दिल्या नाही तर कैवार घेतला." आजोबा गोलाच्या रेषेवर उभे राहिले. पाय आपोआप थोडे फाकले गेले. "तो गडी नेहमी उजवीकडे मारायचा. मी त्याचे सगळे सामने पाहिले होते. तो धावत आला तेव्हाच मी ठरवून टाकलं, उजवीकडे. डोळ्यांना चेंडू डावीकडे निघालेला दिसला गं. पण पाय तोवर उजवीकडे निघून गेले होते. पायांना परत बोलावता येत नाही."

"म्हणजे आधी ठरवायचं नाही?"

"अंदाज करावा. पण पाय जमिनीला राहू द्यावेत, चेंडू सुटेपर्यंत. तेवढा वेळ फार लांब वाटतो. जीव कासावीस होतो. तरी थांबायचं."

टिटवीने थोडा विचार केला. मग ती बाबांपाशी गेली. "बाबा, उठा. खोकं हवंय."

बाबा उठले. तिने ते खोकं ओढत गोलाच्या बाहेर नेलं, हातमोज्यांच्या पट्ट्या पुन्हा आवळल्या आणि रेषेच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"बाई! तिथूनच मारा. पुन्हा एकदा."

"कुठल्या बाजूला मारू?" बाईंनी विचारलं.

"ते मला सांगू नका!" ती ओरडली. दिवसभरात पहिल्यांदाच.

बाबा आपण होऊन चुन्याच्या खुणेवर गेले आणि या वेळी बरोबर खुणेवरच उभे राहिले. आजोबा खांबाला टेकले. बाई चार पावलं मागे गेल्या आणि धावत सुटल्या.

टिटवीला वाटलं, उजवीकडे. नक्की उजवीकडेच. तिची टाच किंचित उचलली गेली. तिने ती परत खाली टेकवली, दोन्ही पाय गवतात घट्ट रोवले, बाबांच्या कोपराखाली नजर लावली आणि थांबली.