शिडीच्या पायथ्याशी

फ्लोरिस स्टाडलरला दक्षिण आफ्रिकेतल्या उपिंग्टनमध्ये लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक, निखाऱ्यावर मटण भाजण्याचा त्याचा हात, आणि दुसरं, तंबूबद्दलचं त्याचं मत. मत कसलं, दगडावरची रेघ. तंबू असावा तर गाडीच्या टपावर, शिडी चढून जायचा. जमिनीवर झोपतो तो साप, नाही तर मूर्ख. हे वाक्य त्यानं चर्चच्या अंगणात ऐकवलं होतं, बेदाणे वाळवायच्या ओट्यांवर ऐकवलं होतं, आणि पोरीच्या लग्नात जेवणाच्या टेबलावर व्याह्यालाही ऐकवलं होतं. समोरच्यानं विचारलेलंच असावं अशी काही अट नव्हती.

त्याची बायको दालीन शेजारी विणकाम करत बसलेली असायची. तो "जमिनीवर झोपतो तो..." म्हणाला, की मान वर न करता ती पुढचं म्हणून टाकायची, "साप, नाही तर मूर्ख. झालं तुझं? आता ते मटण उलट, जळतंय."

दर जुलैला, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, दोघं कालाहारीच्या वाळवंटात जायचे. लाल वाळू, बाभळीच्या लाकडाचा जाळ, कॉफीत बुडवायला दालीननं घरी भाजलेले बडीशेपेचे टोस्ट, आणि गाडीच्या टपावर त्या दोघांचा तंबू. थंडी अशी, की सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरलेली असे. दालीन आधी वर जायची. फ्लोरिस मागे राहून जाळावर वाळू टाकायचा, भांडी गाडीत कोंडायचा, नाही तर कोल्ही ती पळवतात. मग शिडीवर तीनदा टकटक करायचा.

"कोण आहे? सिंह की फ्लोरिस?" ती वरून विचारायची.

"सिंह."

"मग ये वर. फ्लोरिस आला असता तर नको म्हटलं असतं, तो घोरतो."

लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत सुरू झालेली ही थट्टा चाळीस वर्षं चालली. बाहेरच्याला त्यात हसण्यासारखं काही सापडलं नसतं. त्या दोघांना ती पुरत होती.

मग दालीनला विसरण्याचा आजार लागला. आधी चष्मा, मग गॅस, मग शेजारणीचं नाव. फ्लोरिस म्हणायचा, वय झालं, मीही विसरतो. पण मागच्या जुलैला पहाटे ती तंबूत उठून बसली, आणि ज्या बाजूला शिडी नव्हती त्या बाजूची चेन उघडून तिनं पाय बाहेर टाकला. खाली वाळू होती म्हणून निभावलं. कंबर दुखावली ती मात्र कायमची, तेव्हापासून ती जरा लंगडायची. त्या दिवसापासून त्यांची मुलगी इल्झे टपावरच्या तंबूचं नाव काढलं की उठून जायची.

आता पुन्हा जुलै आला होता, आणि सोमवारी दालीनला वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. ठरवलं इल्झेनंच, पण रडत रडत ठरवलं. अलीकडे दालीन घरातून निघून जायची. एकदा कालव्याच्या काठी सापडली, एकदा द्राक्षांच्या मळ्यात, अनवाणी. फ्लोरिस रात्रंदिवस जागा राहून राहून वाळलेल्या बेदाण्यासारखा झाला होता, हे त्याला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

"ठीक आहे," तो इल्झेला म्हणाला. "सोमवारी. पण त्याआधी दोन दिवस मी तिला कालाहारीत नेतो. शेवटचं."

"बाबा, आई शिडीवरून पडली तर?"

"मग काय करायचं?"

"मग जमिनीवर झोपा. कुंपण असलेल्या तळावर. दोघं एका तंबूत, दाराला कुलूप लावून." इल्झेनं डोळे पुसले. "आणि आधी घरी, अंगणात लावून बघायचा. आई त्यात शिरली, पडून राहिली, तर जा. नाही तर नाही. कबूल?"

आयुष्यभर फ्लोरिसनं तंबूच्या बाबतीत कुणाचं ऐकलं नव्हतं. पण अडला हरी म्हणतात ना, तसं झालं. तो कबूल म्हणाला आणि शुक्रवारी सकाळी तंबूंच्या दुकानात गेला.

दुकानातला रुआन त्याला लहानपणापासून ओळखत होता. जमिनीवरच्या तंबूंसमोर फ्लोरिसला उभा पाहून त्यानं आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

"काका, वाट चुकलात. टपावरचे तंबू तिकडे."

"डोळे आहेत मला. यातला दोघांचा दाखव. उभं राहता येईल असा. वाकून शिरायला लागता कामा नये."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

रुआनला अशी संधी आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. "मग काका, साप का मूर्ख? बिलावर काय लिहू?"

गिऱ्हाइकं हसली. एरवी फ्लोरिसनं असल्या शेरास सव्वाशेर दिला असता. आज तो फक्त म्हणाला, "दोन्ही लिही," आणि पिशवी उचलून निघाला. रुआनचं हसू मध्येच राहिलं. दालीन काकूंचं त्याच्या कानावर आलं होतं, आणि ते आता त्याच्या लक्षात आलं.

दुपारी अंगणात तंबू उभा करताना फ्लोरिसला वाटलं, सगळं जमणार. दालीन खुषीत होती. तिनं जुनी कापडी टोपी घातली, खुंट्यांची पिशवी उचलली आणि एकेक खुंटी त्याच्या हातात देऊ लागली. दोरी कुठे ताणायची, कुठे सैल सोडायची, सगळं तिच्या हातांना माहीत होतं.

"तिरकी ठोक, फ्लोरिस," ती म्हणाली. "सरळ ठोकलीस तर वाऱ्यानं उपटेल."

फ्लोरिस! सकाळपासून तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती. त्यानं खुंटी तिरकी ठोकली. तिनं सांगितलं असतं तर त्यानं ती डोक्यावरही ठोकून घेतली असती. स्वयंपाकघराच्या दारात इल्झे उभी होती, तिच्याकडे बघून त्यानं डोळे मिचकावले. आतल्या गादीवर त्यानं दालीनचं निळं पांघरूण अंथरलं, उशाशी तिचं विणकाम ठेवलं. मग अंगणातच जाळ केला, जाळीवर पाव भाजले, मटण भाजलं. दालीननं पोटभर खाल्लं, बोटं चाटली.

सूर्य मळ्याच्या मागे गेला आणि थंडी उतरली. फ्लोरिसनं तंबूची चेन उघडली. "चल, आत बसू. गार पडलंय."

दालीन दारापर्यंत आली. आत डोकावली. मग तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहणं मघाचं नव्हतं. पाहुण्याकडे बघतात तसं पाहिलं.

"छान लावलात हो तंबू," ती म्हणाली. "कष्ट घेतलेत तुम्ही. पण मी काही यात झोपणार नाही."

"का गं?"

"माझ्या नवऱ्याला चालणार नाही. तो म्हणतो, जमिनीवर झोपतो तो साप, नाही तर मूर्ख." ती हसली, थोडी लाजलीही. "जरा हट्टी आहे. पण तंबूतलं त्याला फार कळतं. येईलच तो एवढ्यात. भांडी गाडीत ठेवत असेल."

लेकीचं नाव गेलं होतं, घरचा रस्ता गेला होता, नवऱ्याचा चेहरा गेला होता. राहिलं होतं ते हे एक वाक्य. चाळीस वर्षं बडबडून बडबडून त्यानंच ते तिच्या डोक्यात पक्कं केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करायची?

"दालीन, मीच फ्लोरिस," तो म्हणाला. "आणि मी सांगतो, जमिनीवर झोपलं तरी चालतं. माझं चुकलं होतं. मी मूर्खासारखं बोलत होतो."

"तुमचंही नाव फ्लोरिस?" दालीन सौजन्यानं म्हणाली. "असतात, बरेच असतात. पण माझा असं कधी म्हणणार नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपण हसत हसत म्हणतो. ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं, की काखेतल्या कळशाला ओरडून सांगता येत नाही. फ्लोरिसनं तिचा हात धरून तिला आत न्यायचा प्रयत्न केला. तिनं हात झटकला, ती घाबरून मागे सरली, "फ्लोरिस! फ्लोरिस!" अशा हाका मारत फाटकाकडे निघाली. इल्झे धावत आली, तिनं आईला मिठीत घेतलं आणि तिच्या खांद्यावरून बापाकडे पाहिलं.

"तळावर फोन कर," फ्लोरिस म्हणाला. "येत नाही म्हणून सांग."

गाडी तिथेच उभी होती. टपावर जुना तंबू होता, घडी घातलेला. वर्षभर इल्झे काढा म्हणत होती आणि तो काढतो काढतो म्हणत होता. आता त्यानं पट्टे सोडले, तंबू उघडला, शिडी खाली ओढली.

"बाबा, नको."

"ती सारखी नवऱ्याला हाका मारतेय, इल्झे. निदान तो येईल अशा जागी तरी तिला बसवू दे. शिडीशेजारी मी आहे ना खाली. पलीकडची चेन मी दोरीनं बांधून टाकतो."

चेन बांधून आणि निळं पांघरूण वर अंथरून तो उतरला. शिडीजवळ येताच दालीनच्या हाका थांबल्या. तिनं टोपी सारखी केली, दोन्ही हातांनी शिडी धरली आणि चढायला लागली. फ्लोरिस हात पसरून मागे उभा होता, पण तिचे पाय पायऱ्या न बघता शोधत होते. वर पोचून तिनं बूट काढले आणि दाराशेजारच्या पिशवीत ठेवले, दर वर्षी ठेवायची तसे. मग पांघरुणात शिरून डावीकडे सरकली. उजवी बाजू त्याची.

फ्लोरिसनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"अहो, तुम्ही कुठे?" दालीन एकदम उठून बसली. "ही जागा माझ्या नवऱ्याची आहे."

तो पाय काढून खाली उतरला.

मग त्यानं नव्या तंबूच्या खुंट्या उपटल्या, त्या तिरक्या ठोकलेल्या, आणि तंबू ओढत आणून शिडीला चिकटवून लावला. दार शिडीकडे. ती उतरली तर त्याच्या अंगावरच उतरेल असा. इल्झेनं दोरी धरायला हात पुढे केला तर तो म्हणाला, "तू आत जा. तुला सर्दी होईल." ती आत गेली, पण तिनं स्वयंपाकघरातला दिवा घालवला नाही.

जाळावर टाकायला इथे वाळू नव्हती, म्हणून त्यानं कुंडीतली माती टाकली. भांडी उचलून गाडीत ठेवली. उपिंग्टनच्या अंगणात कुठलं आलंय कोल्हं? पण ठेवली. आणि शिडीशी येऊन, नको नको म्हणत, त्यानं तीनदा टकटक केली.

वरून आवाज आला, हसरा, तरणा, त्या पहिल्या सहलीतला.

"कोण आहे? सिंह की फ्लोरिस?"

त्यानं शिडी घट्ट धरली. तिला आठवलं होतं. या प्रश्नाला एकच उत्तर होतं आणि झोपेतही ते त्याच्या तोंडून आलं असतं. पण सगळी संध्याकाळ तो तिच्यापुढे एकाच गोष्टीसाठी झोळी पसरून उभा होता, आणि तीच गोष्ट तोंडातून बाहेर पडली.

"फ्लोरिस," तो म्हणाला. "फ्लोरिस आहे गं, दालीन. मी आलो."

चेन थोडी उघडली. स्वयंपाकघरातल्या उजेडात तिचा चेहरा दिसला. तिनं त्याला नीट पाहिलं आणि ती समजुतीच्या सुरात म्हणाली, "नाही हो. तुम्ही फ्लोरिस नाही. माझा फ्लोरिस 'सिंह' म्हणतो."

"सिंह! सिंहच म्हणायचं होतं मला. दालीन, सिंह..."

"आता काय उपयोग? आता मीच सांगितलं ना तुम्हाला." ती रागावली नव्हती. उलट तिला त्याचं वाईट वाटत असावं. "तुम्ही चांगले आहात हो. जमिनीवर झोपताय तर जपून झोपा, साप असतात. आणि तो आला की त्याला वर सोडा. शिडी अडवून बसू नका."

"सोडतो," फ्लोरिस म्हणाला.

चेन बंद झाली. तो नव्या तंबूत शिरला आणि शिडीच्या शेवटच्या पायरीवर हात ठेवून आडवा झाला. खाली जमीन गार होती, कडक होती. वर दालीननं कूस बदलली की शिडी किंचित हलायची आणि ते त्याच्या तळहाताला कळायचं. ती डावीकडेच होती. उजवी बाजू तिनं मोकळी ठेवली होती.

थोड्या वेळानं वरून तिनं विचारलं, "आला का हो तो?"

"अजून नाही," फ्लोरिस म्हणाला. "येईलच. झोप तू."