बारा सह्या

क्लब-डेला पालकांनी यायलाच हवं असं नव्हतं. 'इच्छुक पालकांनी मदतीसाठी नाव द्यावं' एवढंच सर्क्युलरमध्ये होतं, आणि ते आल्यावर दोन मिनिटांत मी नाव देऊन मोकळी झाले. मला लिंबू-सरबताचं टेबल मिळालं, बास्केटबॉल कोर्टाच्या कडेला, शामियान्याच्या सावलीत. तिथून मयुराचं टेबल सरळ समोर दिसत होतं. मला तेच हवं होतं.

गुडगावच्या या शाळेत क्लब मुलांनीच काढायचे असतात. त्या शनिवारी, दुपारी एकची घंटा होईपर्यंत बारा मुलांच्या सह्या मिळवायच्या, आणि एका मुलाने एकाच क्लबला सही करायची. बारा झाल्या तर वर्षभर मैदान, वेळ, शिक्षक सगळं मिळणार. अकरा झाल्या तर पुढच्या वर्षी या.

मयुरा नववीत आहे. जुलैत तिच्या बाबाची, म्हणजे प्रसन्नची, मानेसरच्या कारखान्यात बदली झाली आणि आम्ही पुणं सोडलं. तिकडे ती शाळेच्या खो-खो संघात होती. या शाळेत खो-खो नव्हताच. दीड महिना झाला तरी ती लायब्ररीच्या पायरीवर एकटी बसून डबा खायची, आणि हेही मला तिने नाही, स्कूलबसमधल्या दीदीने सांगितलं. मग गेल्या रविवारी वरण-भात कालवता कालवता ती म्हणाली, "मी खो-खोचा क्लब काढतेय. झाला तर राहते. नाही झाला तर पुण्याला मावशीकडे जाते. तिला विचारलंय मी, ती हो म्हणालीय."

माझ्या सख्ख्या बहिणीशी मी तीन दिवस बोलले नाही.

आता बारा वाजले होते. मयुराच्या डावीकडे रोबोटिक्सवाले. त्यांचा यंत्रमानव येणाऱ्या-जाणाऱ्याला टॉफी देत होता. उजवीकडे डान्सवाले, त्यांचे स्पीकर माझ्या छातीत वाजत होते. मधे माझी मुलगी, एक चार्टपेपर आणि एक पेन. मी सरबताचा जग घेऊन उगाच एक फेरी मारली आणि कागदावर नजर टाकून आले. तीन नावं. एक तिचं स्वतःचं, एक तिच्या वर्गातल्या लतिकाचं आणि एक लतिकाच्या धाकट्या बहिणीचं.

प्रसन्नला फोन लावला.

"तीनच रे!"

"अजून तास आहे ना? रुचिरा, तू मधे काही करू नकोस हं."

"मी काय करणार? सरबत ढवळतेय."

फोन ठेवला आणि इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. इथे आल्यापासून प्लंबरपासून गणपतीच्या मूर्तीपर्यंत जे काही अडलं ते या ग्रुपवर मागितलं की मिळालं आहे. मंडळाच्या शुभदाताईंचं लगेच उत्तर आलं : "एवढंच ना? आमच्या साकेतला पाठवते. बाकीच्यांच्या आयांनाही सांगते. काळजी नको."

वीस मिनिटांत सहा मुलं एकामागून एक आली, सही केली, गेली. नऊ! एका ग्लासात मी दोनदा साखर घातली.

तेवढ्यात क्लबांचे प्रमुख नीरज सर फेरीवर आले. कागद उचलून त्यांनी मोठ्याने वाचलं, "जोशी, शिर्के, डिसोझा, तांबोळी, गोखले, भोईर..." आणि हसले. "बेटा, ये सब तो गणेशोत्सव वाले बच्चे हैं. खो-खो क्लब है या महाराष्ट्र मंडल?"

आजूबाजूची मुलं फिदीफिदी हसली. मयुराने कागदाकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे. मी खाली वाकून लिंबं शोधू लागले. लिंबं समोरच होती.

तिने साकेतला रोबोटिक्सच्या टेबलावरून बोलावलं. "खरं सांग, तू खेळणारेस?"

"अरे यार, मम्मीने बोला आंटीला हेल्प कर, तो मी केली. मेरा तो रोबोटिक्स पक्का है ना."

मयुराने पेन उचललं आणि सहाच्या सहा नावांवर रेघ मारली. सरळ, पट्टीने मारावी तशी. पुन्हा तीन.

मी धावत गेले. "मयू, अगं निदान तांबोळींची तरी ठेवायची, ती खेळली असती—"

"आई." आवाज अगदी हळू. "तू सरबत बघ. प्लीज."

मी मागे आले. बारा पस्तीस. पुण्याच्या गाडीचं तिकीट, तिची बॅग, तिची रिकामी खोली, सगळं मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. आणि हे माझ्यामुळे. तिने स्वतः मिळवलेल्या सह्यांचंही मी हसं करून ठेवलं होतं.

मयुरा मात्र बसली नव्हती. तिने त्या सहाही जणांना गोळा केलं.

"साइन नको तुमची. पंधरा मिनिटं द्या. फक्त बसायचंय."

"कहाँ?"

"कोर्टवर. रांगेत. एक इकडे तोंड, एक तिकडे."

ते सहा, लतिका आणि तिची बहीण मिळून आठ. नववी मयुरा, पाठलाग करणारी. खांब दोन्ही टोकांना बास्केटबॉलचे आयतेच होते. तिने बास्केटबॉलच्या कॅप्टनला हाक मारली, तो अकरावीतला, ताडासारखा उंच. "भैया, एक मिनट बचके दिखाओ!"

"एक मिनट? मैं तो लंच तक भागूँगा," तो कॉलर ताठ करत आला.

पहिला खो साकेतला. तो उठला आणि उलट्याच बाजूला पळाला. कोर्टभर हशा पिकला. "अबे, गूगल मॅप लगा ले!" कुणीतरी ओरडलं. मयुराही हसली. ती पुन्हा निघाली. खो! तांबोळी उठली. खो! डिसोझा. खो! मयुरा पुन्हा. कॅप्टन वळायचा तिकडे कुणीतरी उठलेलंच असायचं. तो खांबाकडे धावला, आता सुटलाच, आणि मयुराने पूर्ण अंग झोकून खांबाला धरून सूर मारला. बोटाची टोकं त्याच्या टी-शर्टला लागली.

"आउट! आउट! पच्चीस सेकंड!"

डान्सवाल्यांनी स्पीकर बंद केले. यंत्रमानव टॉफी हातात धरून एकटाच उभा राहिला.

"मुझे भी! मेरी बारी!"

मयुरा उठली. कोपर सोललं होतं, पांढऱ्या टी-शर्टवर मातीचा पट्टा. मी मलमासाठी पर्स उघडली आणि मग बंद केली. तिने कागद उंच धरला. "जिसे भागना है, पहले साइन!"

झुंबड उडाली. कुणाची पाठ, कुणाचं डोकं; मला कागद दिसेना. मी टाचा उंचावल्या, खुर्चीवर चढले, तरी दिसेना. कॅप्टन म्हणत होता, "बास्केटबॉल में तो वैसे भी सब मेरी ही सुनते हैं, बोरिंग है, लिख मेरा नाम." आणि मग घंटा झाली.

नीरज सरांनी कागद घेतला. रेघ मारलेली नावं सोडत, बोट ठेवत मोजू लागले. मीही ओठांत मोजत होते. आठ... दहा... अकरा. ते थांबले. चष्मा वर केला.

"ये साकेत शिर्के कटा हुआ भी है और नीचे दोबारा भी. फायनल क्या है?"

साकेत मान खाजवत पुढे झाला. "सर, रोबोटिक्स से काट दीजिए. उलटा भागा मैं, बदला लेना है."

"बारह," सर म्हणाले आणि पुढे मोजतच राहिले. "तेरह, चौदह... सत्रह."

कोर्टावर जो कल्ला झाला त्यात माझाही आवाज होता. बाकीच्या आया वळून बघत होत्या. बघू देत!

घरी जाताना रिक्षात मयुराचा फोन वाजला. मावशी. मी बाहेरचा फ्लायओव्हर पाहत राहिले, कान मात्र आतच.

"नाही गं मावशी, आता कशी येऊ? सोमवारपासून साडेसहाला प्रॅक्टिस आहे. सतरा जण आहेत आणि एकालाही खो देता येत नाही!"

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "सोमवारी सोडशील ना?"

"हो तर! मी पाणी, ग्लुकोज, मलम सगळं घेऊन—"

"गेटपर्यंत, आई."

"गेटपर्यंत," मी म्हटलं.