लाईन कुणी थांबवली

बैठकीत मी हात वर केला तेव्हाच आमच्या जुन्या गल्लीतल्या शालनबाई हसल्या होत्या. दापोडीच्या विहारात बुद्धपौर्णिमेची कामं वाटली जात होती आणि मी पताका मागून घेतल्या.

"रावेतच्या फ्लॅटात बसून पताका? अगं, तयार माळा मिळतात बाजारात. तुझी पोरं मोबाईल सोडतील व्हय?"

"सोडतील, काकू. एकशेवीस पताका. गुरुवारी पाच वाजता न्यायला या."

बोलून तर बसले. दापोडीची गल्ली सोडून आम्हाला दोन वर्षं झाली होती. तिथं गेलं की बायका माझ्या मुलांना आधी खुर्ची द्यायच्या. पाहुण्यांना देतात तशी. त्या खुर्चीची मला धास्ती बसली होती. पताका मुलांच्या हातच्या झाल्या तर गल्ली त्यांना सतरंजीवर बसवील, एवढंच मला हवं होतं.

पण माझी तीन मुलं म्हणजे तीन गावं. मैत्री तेरा वर्षांची, तिला सगळंच बालिश वाटतं. बुद्धरत्न नऊ वर्षांचा, आम्ही त्याला रत्न म्हणतो. तो दहा मिनिटांच्या वर एका जागी बसत नाही. साक्षी साडेचारची, तिला मोठ्यांचंच सगळं करायचं असतं. एकीला बसवलं की दुसरा उठतो.

गुरुवार नागसेनच्या सुट्टीचा. ते चाकणला एका कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची तपासणी करतात. सकाळी चहा पिता पिता त्यांनी हॉलमधला टीपॉय भिंतीला लावला आणि जाहीर केलं, "आज कंपनी घरी. चार स्टेशनं. मैत्री मॅडम कटिंगला."

"पप्पा, प्लीज. मी काय नर्सरीत आहे?"

"कात्री दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ? रत्नच्या?"

"देऊन तर बघा," रत्न म्हणाला, आणि मैत्रीनं झटकन कात्री उचलली.

ती घोटीव कागदाच्या पट्ट्या कापणार. रत्न त्या पांढऱ्या कागदावर पंचशील ध्वजाच्या क्रमानं उभ्या चिकटवणार: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. सहावा, पाचही रंगांचा पट्टा एवढ्याशा पताकेत मावत नव्हता, म्हणून पाचच. हे रंग मुलांची आजी त्यांच्याकडून म्हणवून घेते. मी प्रत्येक पताका पालथी घालून तिची वरची कड सुतळीवर दुमडून खळ लावणार. नागसेन माळ खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत वाळत बांधणार.

"आणि मी?" साक्षी.

नागसेननी तिच्या हातात स्टीलची थाळी आणि चमचा दिला. "तू क्वालिटी. माळेखाली बसायचं. चुकलेलं दिसलं की वाजवायचं. लगेच लाईन बंद. आमच्याकडं कुणीही थांबवू शकतं, आणि थांबवणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही. नियमच आहे."

मी त्यांच्याकडे बघून भुवया उडवल्या. लेकीला गुंतवून ठेवायची युक्ती चांगली होती.

मे महिना, आणि पंखा बंद; लावला की पट्ट्या उडायच्या. सगळेच घामानं निथळत होतो. मी मैद्याची खळ शिजवली होती, तिचा वास घरभर. साक्षीनं पहिल्या तासातच चार वेळा लाईन थांबवली. खळीवर माशी बसली म्हणून. दादानं नाकात बोट घातलं म्हणून. एकदा तर तिला शू लागली म्हणून.

"पप्पा, काढून घ्या ना तिची थाळी! माझी लिंक तुटते."

"मैत्री मॅडम, नियम."

जेवणापर्यंत सत्तर पताका झाल्या. माझं लक्ष घड्याळाकडे होतं. जेवून बसलो तेव्हा रत्न गॅलरीच्या दाराशी, वाऱ्याला, माझ्या समोर जाऊन बसला. निदान बसला, म्हणून मी त्याला तिथंच राहू दिलं. तो पताका पालथी करून पुढं सरकवायचा, मी आली तशी सुतळीवर चढवायची. हात आता सरावले होते. चार वाजले तेव्हा शंभरावी पताका माळेवर गेली.

आणि थाळी वाजली.

"साक्षी, आता पुरे."

ती वाजवतच राहिली. माझ्या डोक्यात शालनबाईंचं हसू फिरत होतं. मी उठले आणि तिच्या हातातून थाळी ओढून घेतली. "खेळ संपला. एकदम गप्प बस."

तिचा चेहरा वाकडा झाला, पण ती माळेखालून हलली नाही. बोट वर करून, रडत रडत म्हणायला लागली, "केशरी, पांढरा, लाल... असं नाही. आजी असं नाही म्हणत. आजी म्हणते निळा आधी!"

आम्ही सगळे तिच्याशेजारी जाऊन उभे राहिलो आणि वर बघितलं. शेवटच्या तीस पताका उलट्या होत्या. डावीकडं निळ्याच्या जागी केशरी. मी कागदाची पांढरी, कोरी पाठ बघत बसले होते, मला ते दिसणारच नव्हतं. दिसणार होतं ते फक्त खाली बसलेल्या माणसाला.

"माझं चुकलं," रत्न पुटपुटला.

"कुणाचं चुकलं ते नंतर," नागसेन म्हणाले. "जेवणानंतर काय बदललं, ते सांगा."

मैत्रीनं क्षणभर हॉलभर नजर फिरवली. "रत्नची जागा. आधी तो मम्मीशेजारी होता, आता समोर. त्याचं वर ते मम्मीचं खाली." मग तिनं पेन्सिल घेतली. "रत्न, वरची कड धरून पालथी करायची आणि त्याच कडेला मागून फुली मारायची. मम्मी, फुली सुतळीकडं. मग कुठंही बसा."

एवढी वाक्यं ती आठवड्यात आमच्याशी बोलत नाही.

रत्ननं ओलं फडकं आणलं आणि कडा भिजवून एकेक पताका सोडवायला बसला. जीभ बाहेर काढून, एकही न फाडता. मी साक्षीसमोर खाली बसले. थाळी तिच्या मांडीवर ठेवली.

"बाळा, मम्मी चुकली. तू बरोबर थांबवलंस."

ती हुंदका गिळत म्हणाली, "ओरडायचं नसतं. नियम आहे."

"हो. मी नियम मोडला."

नागसेन टाळ्या वाजवायला लागले. "आमच्याकडं चूक पकडणाऱ्याला टाळ्या असतात." मग रत्न, आणि मग, खांदे उडवत का होईना, मैत्रीसुद्धा.

पाच वाजता बेल वाजली. "जय भीम" म्हणत शालनबाई आत आल्या, त्या सरळ माळेखाली. सुतळीवर सत्तर पताका. खाली तीस ओल्या, वीस अजून पट्ट्यांच्या रूपात.

"तरी मी म्हणत होते," त्या म्हणाल्या.

दिवसभर मी या वाक्याला भीत होते. पण ते आलं तेव्हा मी सरळ सांगून टाकलं.

"शंभर झाल्या होत्या, काकू. तीस मी उलट्या लावल्या. साक्षीनं पकडलं. का झालं ते मैत्रीनं शोधलं, आणि हा सोडवतोय, एकही फाडली नाही त्यानं. तशाच दिल्या असत्या तर तुम्हाला कळलंही नसतं कदाचित. पण माझी मुलं तसं करू देत नाहीत."

शालनबाईंनी चष्मा वर केला आणि पताका नीट वाचाव्या तशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितल्या. "निळा आधी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग साक्षीला, "कुणी शिकवलं गं?"

"आजीनं."

"मग राहिलेल्या घेऊन चला की विहारात. उद्यापर्यंत वेळ हाय. इथं कशाला उकडून घेताय?"

खळीचं पातेलं मी मांडीवर धरलं आणि आम्ही शालनबाईंच्या भाच्याच्या टेम्पोतून दापोडीला गेलो. विहाराच्या ओट्यावर सामान मांडेपर्यंत गल्लीतली पाच-सहा पोरं जमली. कुणीतरी माझ्या मुलांसाठी खुर्च्या आणायला धावलं. मैत्रीनं हातानंच नको म्हटलं आणि ओट्यावर फतकल मारली.

"तू किती वर्षांचा? सात? मग तू फुली मारायला. तू कात्री धरतेस ना नीट? इकडं ये, माझ्याशेजारी. आणि हे बघा, ही छोटी थांब म्हणाली की सगळ्यांनी थांबायचं. कुणी ओरडायचं नाही."

मी तिला काहीच सुचवलं नाही. कंबरेवर पातेलं घेऊन नुसती बघत उभी राहिले.

"अगं, उभी काय ऱ्हायलीस?" शालनबाई बाजूला सरकत म्हणाल्या. "खळ आण. पोरं खोळंबलीत."