बाजार हलेना

दस्तगीरच्या वडिलांनी, म्हणजे अल्लाउद्दीनचाचांनी, लोणावळ्यात फोटोचं दुकान काढलं आणि हळूहळू सगळ्या मावळाला एक गोष्ट शिकवली. फोटो काढताना हलायचं नाही. हललं की फोटोत दोन डोकी येतात, असं ते सांगत. आंदर मावळातून माणसं डोंगर उतरून येत, पडद्यावर रंगवलेल्या महालापुढं बसत, श्वास धरत आणि चाचा ‘झालं’ म्हणेपर्यंत पापणी लवू देत नसत. काहीजण ‘झालं’ म्हटल्यावरही जरा वेळ तसेच बसून राहत. उगाच धोका कशाला घ्या.

छत्तीस साली चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि दुकान दस्तगीरकडं आलं. दस्तगीरला त्या महालाचा मनापासून कंटाळा होता. त्यानं पुण्याच्या कॅम्पातून एक जुना, हातात मावणारा कॅमेरा आणला. आत रीळ घालायचं, भिंगामागचा चामड्याचा घडीचा भाता पुढं ओढायचा, खटका दाबायचा, झाला फोटो. दोन डोक्यांची भानगडच नाही.

“बाजार जसा चालतो तसाच धरायचा,” तो आम्हा मित्रांना म्हणाला. “माणूस भाव करताना कसा दिसतो, ते बघायचंय मला.”

“मग बघ की. भाव तर रोजच करतात.”

“दिसतं आणि निसटतं रे. वांग्यावरून भांडताना माणसाचे कान हलतात का, सांग बघू.”

त्या दिवसापासून आम्हीही कानांकडं बघायला लागलो.

पहिल्याच आठवडी बाजारात दस्तगीर कॅमेरा घेऊन भाजीच्या ओळीत शिरला आणि ओळ थिजली. कस्तुराबाई आणि धोंडाबाई जागेवरून एकमेकींचं माहेर काढत होत्या. त्यांनी माहेर अर्ध्यात सोडलं, पदर सावरला आणि गुडघ्यांवर हात ठेवून शेजारीशेजारी बसल्या. कोंडाजी न्हाव्यानं वस्तरा गिऱ्हाइकाच्या गळ्यावर होता तिथंच थांबवला. गिऱ्हाईक तर आधीपासूनच हलत नव्हतं. रखमाजी तेली माप ओतत होता, तो ओतता ओतता स्तब्ध झाला. तेल मात्र स्तब्ध झालं नाही.

रीळ धुऊन निघालं. त्यात जिवंत असा एक बैल होता.

दस्तगीरनं मग नाना उपाय केले. कॅमेरा कोबीच्या पाटीत लपवला, तर लोक पाटीसमोर ओळीनं उभे राहिले. इराण्याच्या हॉटेलाच्या माडीवर जाऊन बसला, तर सगळा बाजार वर तोंड करून उभा, जणू विमान यायचंय. शेवटी कॅमेरा घरी ठेवून तो नुसता मटण आणायला गेला, तर खाटकानं सुरा वर धरला आणि दस्तगीर गल्लीतून निघून जाईपर्यंत खाली आणला नाही. त्या दिवशी घरी डाळ झाली.

तक्रारी भिमाजी आबांकडं गेल्या. आबा बाजाराचे पंच. त्यांनी दस्तगीरला सगळ्यांदेखत बोलावलं.

“दस्तगीर, तू आलास की धंदा बंद पडतो. रखमाजीचं तेल आजून गटारात वाहतंय.”

“आबा, मी कुणाला थांबा म्हणतो का?”

“तुझ्या बापानं म्हनलंय, ती मानसं आजून थांबल्याती! आता ऐक. येत्या बाजारी शेवटचं. बाजार हालला तर काढ खुशाल फोटो. न्हाई हालला, तर त्यो डबा दुकानात ठिवायचा आन् महालापुढं बसनाऱ्यांचे फोटो काढायचे. जलमभर.”

दस्तगीरचा चेहरा असा झाला की फोटो काढायला हवा होता. पण कॅमेरा त्याच्याच हातात होता.

बाजाराच्या दिवशी तो एका रिकाम्या बैलगाडीवर चढला. बाजार लगेच थिजला.

“अजून नाही!” तो ओरडला. “आज सगळ्या बाजाराचा मिळून एकच फोटो. आधी नीट तयार व्हा. मी हात वर केला की मग हलायचं नाही. तोवर तुमचं चालू द्या.”

आणि काय उसळला म्हणता बाजार! पुढं कोण बसणार यावरून कस्तुराबाईनं धोंडाबाईला कोपरानं ढकललं.

“सरक की गं! तुजं त्वांड मागनंबी दिसतंय.”

“व्हय, आन् तुजं मागनंच बरं दिसतंय!”

रखमाजी शेजाऱ्याचा कोट अंगात घालू पाहत होता आणि शेजारी त्यातून बाहेर यायला तयार नव्हता. कोंडाजीपुढं दाढीसाठी रांग लागली, त्यानं घाईत तिघांच्या अर्ध्याअर्ध्या मिशा उडवल्या. कुणी बैलाची शिंगं पुसत होतं, कुणी पोराचं नाक. आणि या सगळ्यांना ओळीत बसवायला भिमाजी आबा काठी फिरवत, तोंडाचा आ करून बोंबलत धावत होते.

दस्तगीर कॅमेरा पोटाशी धरून त्याच्या वरच्या काचेत खाली बघत होता. खटक्याचा आवाज त्या गदारोळात कोण ऐकतो?

शेवटी सगळे बसले. दस्तगीरनं हात वर केला. एवढा मोठा बाजार, पण माशीसुद्धा हलेना. रीळ केव्हाच संपलं होतं. दस्तगीर तरी हात वर धरून अदबीनं उभा राहिला, मग म्हणाला, “झालं.”

“न्हाई हालला,” आबा म्हणाले. “ठिव डबा.”

“फोटो धुऊन होऊ देत, आबा. मग ठेवतो.”

दोन दिवसांनी दुकानाच्या काचेत फोटो लागले आणि गर्दी जमली. गंमत अशी की प्रत्येकाला बाकीचे सगळे ओळखू येत होते, स्वतःचा मात्र पत्ता नाही.

“ही कोन रं बया?” कस्तुराबाईनं विचारलं. “लय भांडखोर दिसती.”

“मावशी, तुम्हीच की.”

कस्तुराबाई काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली. “आसं व्हय,” ती म्हणाली आणि गर्दीतून रस्ता काढत निघाली. जाताना दोघांना कोपर लागलं, तशी थांबली आणि स्वतःच्या कोपराकडं बघू लागली.

मग आबा थेट दुकानात आले. एका फोटोवर त्यांनी काठी टेकवली. “हा कोन येडा पळतोय?”

दस्तगीर हळूच म्हणाला, “आबा, तुम्ही.”

“मी?” आबांनी दुकानात दोन फेऱ्या मारल्या, मान खाली घालून, स्वतःच्या पायांकडं बघत. पुन्हा फोटो बघितला. “साठ वर्सं चालतोय मी. मला कुनी बोललं न्हाई.”

“ठेवू का कॅमेरा आत?” दस्तगीरनं विचारलं. त्याचा हात कपाटाच्या कडीवर होता.

आबांना ते ऐकूच गेलं नसावं. “आन् मागनं कसा दिसतो रं मी?”

“ते कसं सांगू, आबा? बघायला पाहिजे.”

आबांनी पागोटं नीट केलं, मग काहीतरी आठवून पुन्हा होतं तसं वाकडं केलं आणि ते दाराबाहेर पडले. भर रस्त्यातून, डुलत, काठी आपटत चालू लागले. थोडं गेल्यावर मान न वळवता ओरडले, “आलास का?”

दस्तगीर कॅमेऱ्याचा भाता ओढत पळत सुटला. “आलो, आलो! बोलू नका, आबा. चालत राहा.”

आबा चालत राहिले. पुढं रेल्वेचं फाटक लागलं, ते बंद होतं, तरी त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.