ऑपलचा नकार आणि बटन्सचा सामना

आमच्या हार्लन बेंडच्या बेसबॉल संघाचं नाव होतं बटन्स. नदीतल्या शिंपल्यांपासून बटणं कापायचा कारखाना गावात होता, त्यावरून पडलेलं नाव. कारखाना केव्हाच बंद पडला आणि मैदानाच्या जागी आता टायरचं दुकान आहे. मी तिथे गेले की टायर बघायचे सोडून, आमची बाकं नेमकी कोणत्या ढिगापाशी होती त्याचा अंदाज घेत उभी राहते. दुकानदाराला वाटतं, म्हातारी गाडी घेऊन आली आणि कुठे लावली ते विसरली.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालच्या ऑगस्टमधल्या रविवारची. माझी थोरली बहीण ऑपल त्या संध्याकाळच्या बसने ऍरिझोनाला निघाली होती, कायमची. तिचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि तिच्या मुलाचं तिकडून सारखं टुमणं होतं, आई, आता ये. ऑपलला ऍरिझोना मुळीच आवडत नव्हतं. "तिथे गवतसुद्धा दगडाचं असतं," म्हणायची. पण इथे तिला कोणी राहा म्हटलं नव्हतं.

म्हणायचं होतं एकाला. वेंडेल स्टूकी, आमचा दूधवाला. हा माणूस दोन वर्षं तिच्या पायरीवर दुधाच्या बाटल्यांबरोबर न मागितलेलं लोणी ठेवून जात होता. ऑपल त्याचे केक करून सगळ्या गल्लीत वाटत होती. त्यापलीकडे काही सरकत नव्हतं. शेवटी मीच त्याला गाठून सांगितलं, "वेंडेल, रविवारी आम्ही दोघी मॅचला जातोय. शेजारी येऊन बस आणि बोलून टाक. मॅच संपली की ती बसमध्ये बसेल, मग लोणी टपालाने पाठवत बस."

तो आला. नवा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली, चेहरा उकडलेल्या बिटासारखा. आमच्या शेजारी बसला, टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. पाच डाव असे गेले. मग म्हणाला, "लिंबू सरबत आणतो," आणि उठून गेला.

आता तोवर मैदानात काय चाललं होतं, ते सांगायला हवं. आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, लायल ड्रम. आमचा संघ लीगच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा. इथली पोरं एकतर वर चढण्याच्या वाटेवर असत, नाहीतर घरी परतण्याच्या. लायल दुसऱ्या वाटेवर होता. त्या दिवशी त्याची दाढ दुखत होती आणि गाल पावासारखा फुगला होता. त्या दाढेमुळे असेल, पण त्याचे चेंडू असे काही वळत होते की पाच डाव झाले तरी समोरच्या डेल्टन संघाच्या एकाही गड्याला धड फटका मारून बेस गाठता आला नव्हता. एकही हिट नाही. सामन्याचे नऊही डाव असंच राहिलं तर पिचरचं नाव कायमचं कोरलं जातं. हार्लन बेंडमध्ये असं कधीच घडलं नव्हतं.

अशा वेळी आमच्याकडे दोन नियम. त्या गोष्टीचा उच्चार करायचा नाही. आणि जो जिथे, जसा असेल, त्याने तिथेच, तसंच राहायचं, नाहीतर नशीब फिरतं. चर्चला न जाणारे लोकसुद्धा हे पाळतात.

वेंडेल सरबताचे तीन पेले घेऊन परत येत होता. वाटेत त्याच्या बुटाची नाडी सुटली. आमच्या खाली तीन रांगा सोडून एक जागा रिकामी होती, तिथे तो नाडी बांधायला टेकला. नेमकं त्याच क्षणी आमच्या मागे बसलेल्या गस ब्रँडमायरचं लक्ष धावफलकाकडे गेलं.

गस आगीच्या बंबावरचा जुना मुकादम. आवाज भोंग्यासारखा. तो उभा राहिला नाही, बसल्या जागेवरूनच ओरडला, "कोणी हलायचं नाही! का ते विचारायचं नाही! फलक बघा आणि गप्प बसा!"

सगळ्यांनी फलक बघितला आणि आमचा अख्खा स्टँड गोठला. वेंडेलच्या शेजारी पाद्री टोलेफसन बसले होते. त्यांनी हॉट डॉग तोंडाशी नेलेला, तो तसाच राहिला. पलीकडे एक बाई नवऱ्याच्या खांद्यावरचा किडा झटकत होती, तिचा हात खांद्यावरच.

"मी फक्त नाडी बांधत होतो हो," वेंडेल म्हणाला. "माझी जागा तिकडे वर आहे."

"होती," गस म्हणाला. "आता ही तुझी जागा."

"पण मला यांच्याशी जरा—"

"वेंडेल, तुझ्या बापाने तुला पाळण्यात असताना या मैदानावर आणलेलं मी बघितलंय. आज त्याला मान खाली घालायला लावू नकोस."

वेंडेल बसला. बटन्सचा चाहता होता बिचारा, हाडाचा. तीन पेले हातात धरून नुसता वर बघत राहिला. ऑपलने मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

सहावा डाव सुरू झाला. शेंगा विकणारा रॉस्को पायऱ्यांवर उभा होता. आमच्याकडे शेंगा हातोहात येतात: तो पुडी पहिल्याच्या हातात देतो, ती रांगेतून सरकत तुमच्यापर्यंत पोचते आणि पैसे त्याच वाटेने परत जातात. ते बघून वेंडेलला काय वाटलं कोण जाणे, त्याने बाकीचं अंग न हलवता फक्त मान वळवली आणि पाद्रीबुवांच्या कानात काहीतरी सांगितलं.

पाद्रीबुवा दचकले. मग त्यांनी हॉट डॉग तसाच तोंडाशी धरून, मागच्या रांगेतल्या माणसाला ते सांगितलं. त्याने त्याच्या मागच्या बाईला. ती हसली, तिने आमच्या पुढच्या म्हाताऱ्याला सांगितलं, आणि तो ऑपलकडे मान वळवून मोठ्याने म्हणाला, कारण त्याला स्वतःलाच कमी ऐकू यायचं, "मिसेस राउश, खालचा दूधवाला विचारतोय, लग्न कराल का?"

ऑपल कानापर्यंत लाल झाली. "नाही!" ती म्हणाली. "हे काय, शेंगांसारखं विचारायचं?"

आणि मैदानावर पंचाने हात उडवला. डेल्टनचा बॅटर हवेत बॅट फिरवून आउट.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण गसने वाजवल्या नाहीत. तो विचार करत होता. मला त्याच्या डोक्याचा आवाज ऐकू येत होता.

पुढचा बॅटर आला. लायलने चार चेंडू वाकडे टाकले आणि त्याला फुकटात पहिला बेस मिळाला. हिट नव्हे ती, पण स्टँडमध्ये सुस्कारे सुटले.

"बघितलंत?" गस म्हणाला. "या वेळी विचारलं नाही."

"काय विचारलं नाही?" मी म्हटलं.

"लॉरीन, तू मध्ये पडू नकोस. ए वेंडेल! पुन्हा विचार!"

"काय?"

"तेच! लवकर, बॅटर येतोय!"

वेंडेलने विचारलं. प्रश्न त्याच वाटेने वर आला. ऑपल म्हणाली, "गस ब्रँडमायर, तुला लाज नाही वाटत?"

"नंतर वाटेल. आधी 'नाही' म्हण."

"नाही म्हणजे नाहीच म्हणणार! असल्या तमाशात!"

आउट. त्याच्यापुढचाही नकारावर आउट. झालं. त्यानंतर माझ्या बहिणीला काही सुटका नव्हती. प्रत्येक बॅटरला एक मागणी आणि एक नकार. लायलचा हात वर गेला की गस "आता!" म्हणायचा, पाद्रीबुवा लग्न लावतात तशा आवाजात विचारायचे, कारण कानगोष्टींना वेळ लागतो असं ठरलं होतं, आणि ऑपलने "नाही" म्हणायचं. एकदा ती चिडून गप्प बसली, तर चेंडू सणसणत कुंपणापर्यंत गेला आणि रेषेच्या बोटभर बाहेर पडला म्हणून वाचलो. चारशे लोक मागे वळून तिच्याकडे बघायला लागले.

"नाही!" ऑपल ओरडली. आउट.

सातव्या डावात उभं राहून हातपाय ताणायची आमची रीत. त्यावरून भांडण झालं. उठलं नाही तर रीत मोडते, उठलं तर नशीब. शेवटी सगळ्यांनी बसल्या बसल्या हात वर केले आणि पाय पुढच्याच्या पाठीत ताणले. लायल बिचारा खाली संघाच्या बाकाच्या टोकाला एकटाच. अशा वेळी पिचरशी कोणी बोलत नाही. तो गाल धरून प्रत्येकाला विचारत होता, "कोणाकडे लवंग आहे का रे?" आणि त्याचे दोस्त आभाळाकडे बघत होते.

त्या गडबडीत ऑपल माझ्या कानाशी आली. "लॉरीन, मला हो म्हणायचंय गं."

"मग म्हण."

"कशी म्हणू? माझ्यामागे काय बसलंय ते बघ."

"मॅच संपल्यावर सांग."

"मॅच संपल्यावर बस आहे. आणि तोपर्यंत त्याचं काय होईल? त्याच्याकडे बघ जरा."

मी बघितलं. पहिल्या नकाराला वेंडेल हसला होता. दुसऱ्या-तिसऱ्यालाही. पण नकार तो नकारच. रोज कोणी तुम्हाला गंमत म्हणून गाढव म्हणालं, तर आठवड्याने तुम्ही आरशात कान तपासताच. आठव्या डावापर्यंत त्याचे खांदे सरबताच्या पेल्यांपर्यंत खाली आले होते. पाद्रीबुवांनी विचारलं की तो डोळे मिटून घ्यायचा. तरी थांबवा म्हणाला नाही. बटन्स एका धावेने पुढे होते आणि तो चाहता होता.

मी खुणेने त्याला सांगायला बघितलं की तिच्या मनात हो आहे. मी छातीवर हात ठेवला, मान हलवली. गसने मागून माझी टोपी डोळ्यांवर ओढली. "हलायचं नाही, लॉरीन."

नववा डाव. पहिला नकार, पहिला आउट. दुसरा नकार, दुसरा आउट. तिसरा आउट झाला की सामना संपला. आता समोर डेल्टनचा एक ताडमाड पोरगा, बॅट हातात टूथपिकसारखी दिसत होती. एक स्ट्राइक, म्हणजे हुकलेला चेंडू. दोन स्ट्राइक. तिसऱ्याला आउट. लायलने गाल पुसला. मैदानात इतकी शांतता की नदीवरच्या बोटीच्या इंजिनाची धडधड ऐकू येत होती.

"शेवटचं, ऑपल," गस कुजबुजला. बंबवाल्याला कुजबुजता येतं हे मला तेव्हाच कळलं. "गावासाठी. विचारा, बुवा."

पाद्रीबुवांनी घसा साफ केला. पण वेंडेलने त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"नका विचारू," तो म्हणाला. हळूच म्हणाला, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं. "इतक्या वेळा ऐकलं. आणखी एकदा नाही ऐकवत मला."

"अरे वेड्या!" गसचा आवाज फाटला. "विचारलं नाही की काय होतं, बघितलंयस तू!"

"बघितलंय. मला माफ करा, गसकाका. जिंकलो तर मला आनंदच आहे. पण मी घरी जातो आता."

आणि तो उठायला लागला. नियम मोडून, नववा डाव, दोन आउट, दोन स्ट्राइक असताना. आमच्या गावात एवढी मोठी गोष्ट त्याआधी कोणी कोणासाठी केली नव्हती. चारशे लोकांनी एकदम श्वास आत ओढला. लायलचा हात वर गेला होता.

ऑपल बाकावर उभी राहिली. बाकावर, उंच टाचांच्या उन्हाळी चपला घालून.

"हो!" ती ओरडली. "हो, हो, हो! वेंडेल स्टूकी, खाली बस किंवा वर ये, पण जाऊ नकोस!"

चेंडू सुटला. त्या ताडमाड पोराने बॅट कशीबशी लावली. चेंडू उंच गेला आणि आळसावल्यासारखा खाली यायला लागला, अगदी सोपा झेल, माझ्या पर्समध्येसुद्धा घेता आला असता. पण आमचे दोन क्षेत्ररक्षक, एक इकडचा आणि एक तिकडचा, दोघंही मान वळवून बाकावर उभ्या असलेल्या माझ्या बहिणीकडे बघत होते. चेंडू त्यांच्या मधोमध गवतात पडला आणि तिथेच राहिला.

हिट.

गसने डोकं गुडघ्यात घातलं. पुढे कित्येक वर्षं ऑपल समोरून आली की तो रस्ता ओलांडायचा, आणि पलीकडून वेंडेल आला की परत अलीकडे यायचा. पुढच्याच बॅटरला आउट करून आम्ही सामना जिंकलो, पण ते बघायला जागेवर होतं कोण? आता नियम संपला होता, सगळे मोकळे होते. चार डाव दाबून धरलेली माणसं एकदम उठली आणि स्वच्छतागृहाकडे धावत सुटली. पाद्रीबुवा सगळ्यात पुढे, हॉट डॉग हातात घेऊन.

खाली उतरणाऱ्या त्या लोंढ्यातून एकटा वेंडेल वर चढत होता. ढकलला जात होता, दोन पायऱ्या वर, एक खाली. लोक त्याला जाता जाता ऐकवत होते, "वा रे दूधवाल्या!" "उद्या माझं दूध बंद!" तो सगळ्यांना "हो, हो," म्हणत होता. अखेर आमच्या रांगेत पोचला. ऑपल अजून बाकावरच उभी होती. तिला खाली उतरायचं धाडस होत नव्हतं.

"माझ्यामुळे गेलं रे सगळं," ती म्हणाली. रडायच्या बेतात होती.

वेंडेलने मैदानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर ठाम मत दिसत होतं.

"मुळीच नाही, मिसेस राउश," तो म्हणाला. "तो झेल त्या उजवीकडच्याचा होता."

आणि त्याने तिला उतरायला हात दिला.