नारळाचा मान

लातुरात क्लासवाल्यांनी देवांनाही कामाला लावलंय. विरूपाक्ष सरांच्या क्लासात सीईटीच्या आधीच्या रविवारी लेखणीपूजन व्हायचं. सरस्वतीच्या फोटोपुढं सगळ्या पोरापोरींची पेनं आणि हॉलतिकिटं रचायची, आणि शेवटच्या मोठ्या टेस्टमध्ये जो पहिला आला असेल त्यानं नारळ फोडायचा. त्याच्या आईबापानं समई लावायची. ह्या नारळानं आजवर दगा दिला नाही, असं सर छातीठोक सांगायचे. आता नारळानं डॉक्टर होत असते तर पोरांनी दोन दोन वर्षं बुडाला घट्टे पाडून बसायचं कशाला, पण लातुरात हे विचारणार कोण.

त्या वर्षी पहिली आली वर्षाराणी. पोरगी किल्लारीकडची. भूकंप झाला तेव्हा चार वर्षांची होती. भिंत अंगावर आली, त्यात बाप गेला आणि हिचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आई शिवकांता शेत सांभाळत गावीच राहिली आणि लेकीला शाळेसाठी मुरुडला मामाकडं ठेवलं. जयपूर फूट लावून वर्षाराणी सगळीकडं फिरायची. चालताना जरा झुलायची, बस्स.

मामाचं मुरुडच्या स्टँडजवळ व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दोन जुने टीव्ही, चार रिमोट आणि डबाभर कॅसेटी. त्यातल्या एका कॅसेटीवर कुठल्या देशाची अक्षरं होती देव जाणे, गावात कुणाला ती वाचता आली नाहीत. तिच्यातला गडी तलवार घेऊन निघायचा आणि पहिल्याच राक्षसाच्या घावात त्याची एक तंगडी जायची. पुढचा सगळा खेळ तो एका पायावर खेळायचा. नाव कळेना म्हणून मुरुडच्या पोरांनी त्याला एकटांग्या म्हणायला सुरुवात केली. पोरं त्याला दोन दिवसांत कंटाळली, वर्षाराणी मात्र त्याच्यावर जीव टाकायची.

तो शूर होता म्हणून नव्हे. शूर तर सगळ्याच कॅसेटींत असतात. एकटांग्याची खरी गंमत त्याच्या राक्षसांत होती. ते त्याला तसूभर सवलत द्यायचे नाहीत. बिचारा म्हणून कुणी बाजूला व्हायचं नाही, डोक्यावरून हात फिरवायचं नाही. दोन पायांच्या गड्यावर जेवढ्या ताकदीनं चालून जायचं, तेवढ्याच ताकदीनं एकटांग्यावर जायचे. मेला तर मेला, जिंकला तर दार उघडायचं. ही इज्जत तिला शाळेत मिळाली नाही, एसटीत मिळाली नाही, सरकारी दवाखान्यात तर बिलकुल नाही. एसटीत तिला जागा मिळायची, पण देणारा आधी चारचौघांना ऐकू जाईल असं चुकचुकायचा. त्या चुकचुकण्याची तिला शिसारी होती. त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं, असं तिला वाटायचं आणि ती उभीच राहायची.

लातूरला आल्यावर क्लासमागच्या व्हिडिओ गेमच्या गाळ्यात तिला तीच कॅसेट सापडली. तिथं अनय भेटला. गावातल्या नावाजलेल्या डॉक्टरांचा मुलगा, टेस्टमध्ये कायम तिच्या मागं किंवा पुढं. रविवारी दोघं तासभर खेळायची. अनय हरला की म्हणायचा, "एकटांग्या तुझ्या घरचा आहे, तुझंच ऐकतो." त्याचं हे बोलणं तिला आवडायचं, कारण त्यात चुकचुकणं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले, पाणी मागवलं. एवढा गोडवा पाहून ती खुर्चीच्या कडेलाच टेकली.

"बेटा, तू आपल्या क्लासची शान आहेस," सर म्हणाले. "उद्या तू पहिल्या रांगेत बसायचं. नारळ मात्र अनय फोडेल."

"पहिली मी आलेय, सर."

"ते आहेच. पण काही पालकांचं म्हणणं पडलं. तीनशे पोरांच्या भविष्याचं शुभकार्य आहे. नारळ कसा, अव्यंग हातानं फुटावा. मी नाही मानत हे, पण लोकांचं मन राखावं लागतं."

"हात तर दोन्ही आहेत की, सर."

सर हसले. एखाद्या विनोदाला हसावं तसे मनापासून हसले. "म्हणूनच तू आवडतेस. समजूतदार आहेस. आणि तुझ्यासाठी आम्ही एक सरप्राइज ठेवलंय."

समजूतदार. शी. माणसाच्या तोंडचा घास काढायचा असला की त्याला आधी समजूतदार म्हणायचं, ही शिकल्यासवरल्या लोकांची जुनी खोड. तळपायाची आग मस्तकात गेली आणि ती उठून बाहेर पडली. जिन्यात अनय उभा होता. त्यानं आधीच मान खाली घातलेली.

"कोण पालक रे?" तिनं विचारलं.

"मम्मी," तो म्हणाला. "तिला सांगून बघितलं मी. ती ऐकत नाही."

"तू नको म्हणालास का?"

ह्यावर त्यानं बुटाचं टोक पाहिलं. अनय वाईट पोरगा नव्हता, आणि तिला त्याचीच जास्त किळस आली. वाईट असता तर एक शिवी घालून मोकळी झाली असती.

आईला कळवायचं राहिलं. शिवकांता किल्लारीहून निघून मुरुडला भावाकडं मुक्कामाला आली होती. सरांचं मन रात्रीतून बदलेल, अशी वेडी आशा वर्षाराणीला होती. सकाळी हॉलच्या दारात शिवकांता रिक्षातून उतरली ती इस्त्रीचं लुगडं नेसून. पिशवीत घरच्या कापसाच्या वाती होत्या, आठवडाभर बसून वळलेल्या. गावात तिनं सांगून ठेवलं होतं, लातूरच्या क्लासात समई लावाया चालले म्हणून. लेकीनं सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सरांच्या माणसानं दोघींना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.

समई अनयच्या मम्मीनं लावली. मेणबत्तीनं, फोटोसाठी थांबून थांबून. अनयनं नारळ फोडला. टाळ्या पडल्या.

शिवकांतानं वाती मुठीत धरल्या होत्या. "आपली पाळी कवा हाय गं?" तिनं हळूच विचारलं.

उत्तर सरांनीच दिलं, माइकवरून. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून उमललेलं हे फूल, नियतीनं पाय हिरावला पण जिद्द नाही, वगैरे वगैरे. अशी भाषणं भूकंपापासून ह्या भागात पोतं भरून आहेत. आणि मग पडद्यामागून दोघा जणांनी एक तीनचाकी सायकल ढकलत आणली. हातानं फिरवायची. लाल रिबन बांधलेली, पाठीमागं क्लासचं नाव आणि सरांचा फोटो रंगवलेला. ज्या पोरीनं क्लासचे दोन जिने दोन वर्षं रोज चढले, तिला ही गाडी.

फोटोग्राफर पुढं सरसावला. दोघींना स्टेजवर घेतलं.

"बस बेटा," सर माइक झाकून म्हणाले. "फोटोपुरतं."

"मला चालता येतं, सर."

"माहीत आहे ना. एक मिनिटाचं काम आहे."

सरांचा हात तिच्या खांद्यावर आला आणि दाबू लागला. मऊ हात, अत्तराचा वास. एकटांग्याचे राक्षस निदान समोरून यायचे, तलवार दिसायची. ही माणसं हसत हसत खाली दाबतात आणि वर टाळ्याही मागतात. ती तशीच ताठ उभी राहिली. तिला आता एकच भीती होती, आईची. मोठ्या माणसांपुढं शिवकांता कायम हात जोडायची. आता म्हणेल, बस गं माय, उगं कशाला. आणि आई म्हणाली तर बसावं लागेल.

शिवकांता गाडीकडं बघत होती, मग फुटलेल्या नारळाकडं, मग समईकडं. तिला हळूहळू समजत होतं. तेवढ्यात अनयची मम्मी प्रसादाचं ताट घेऊन आली. खोबऱ्याचे तुकडे, साखर. "घ्या हो बाई, प्रसाद आहे," ती म्हणाली.

शिवकांतानं जन्मात प्रसाद नाकारला नव्हता. नवरा गेल्यावर पत्र्याच्या शेडात राहताना कुणी कुठल्या देवाचा प्रसाद आणला तरी तिनं तो कपाळाला लावून खाल्ला होता. आताही तिचा हात सवयीनं पुढं झाला. मग तिनं तो मागं घेतला आणि लुगड्याला पुसला.

"आमच्या हाताचा नारळ तुमच्या देवाला चालत न्हाई," ती म्हणाली. माइक सरांच्या हातात उघडाच होता, त्यामुळं मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मग तुमचं खोबरं आमच्या तोंडाला कसं चालंल?"

मम्मीच्या हातातलं ताट तसंच पुढं राहिलं. सर हसायला गेले, पण ते कुणाकडं बघून हसावं हे त्यांना कळेना.

"तुझं पेन कोणतं हाय, घे," शिवकांता लेकीला म्हणाली.

पूजेतली पेनं परीक्षेच्या दिवसापर्यंत कुणी हलवायची नसतात, हलवली तर सगळ्या बॅचचं वाटोळं होतं, असं क्लासात सगळे मानायचे. पुढच्या रांगेतले दोन-तीन पालक "अहो, अहो" करत उठलेसुद्धा. वर्षाराणी सरस्वतीच्या फोटोपर्यंत चालत गेली, ढिगात हात घातला आणि आपलं पेन आणि हॉलतिकीट काढून घेतलं.